थोरली बहीण आणि बालवाडी : बोर्डी-कोसबाड प्रयोगाचा एक पैलू

महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा इतिहास बहुधा माँटेसरी-पद्धतीच्या प्रसाराचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कुटुंबरचनेचा विचार त्यात गौण ठरतो. वस्तुतः १९०७ साली माँटेसरीबाईंनी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह उघडले, तेच मुळी आईबाप दिवसभर कामावर असणाऱ्या मुलांसाठी. आपल्याकडे मात्र या पद्धतीस प्रथम आश्रय मिळाला तो मुख्यतः शहरी सुशिक्षितांचा.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेकांसमवेत कार्य केले होते. १९४५ साली त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र स्थापिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि त्याची गाठ वारली कुटुंबाशी पडली.

तेथे आईबाप दोघेही शेतावर वा मजुरीस जात. तान्हे मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर असे, गुरे भावाकडे असत. संगोपन म्हणजे आईने केलेले संगोपन, हे समीकरण या घरास लागू पडत नाही. जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली लिहिलेल्या अहवालात आईच्या, अथवा तिची जागा कायमची घेणाऱ्या व्यक्तीच्या, अखंड स्नेहसंबंधावर भर दिला होता. पण ती व्यक्ती स्वतःच आठ-नऊ वर्षांची असेल, तर विकासाचा विचार कोणाच्या करावयाचा? कडेवरच्या मुलाच्या, की त्याला घेणारीच्या?

कोसबाडचे उत्तर ग्रंथातून आलेले नव्हते. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभारण्यात आली. मुलीने भावंडास घेऊनच यावे, त्यास पाळणाघरात ठेवावे आणि आपण वर्गात बसावे, अशी ही योजना. गुराख्यांसाठी शाळाच कुरणावर गेली. यास हजेरी वाढविण्याची युक्ती म्हणणे मला पटत नाही. कुटुंबातील श्रमविभागणी गृहीत धरून तिच्यातील मुलीचे बालपण सोडविण्याचा तो यत्न होता. अर्थात शाळेच्या तासांपुरताच, कारण सायंकाळी घरी परतताच भावंड पुन्हा तिच्याच कडेवर येई.

बोर्डीचा ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे देशभर गेला. १९७५ साली सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना मात्र सहा वर्षांखालील मुले आणि गर्भवती व स्तनदा माता यांच्याभोवती रचलेली होती. आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण तिच्या लाभार्थींत बसत नव्हती.