मज्जावाचा इतिहास

क्लासच्या व्हेरिएबलला बाहेरच्या कोडने परस्पर हात लावू नये, हा प्रोग्रामिंगच्या विद्यार्थ्याला आरंभीच पढविला जाणारा नियम क्लास या कल्पनेइतकाच जुना असावा, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. नॉर्वेच्या ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगोर या जोडीने १९६७ च्या मे महिन्यात ऑस्लो येथील लीसेबूच्या परिषदेत क्लासची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या सिम्युला भाषेत ऑब्जेक्टच्या नावापुढे टिंब देऊन त्याचे हवे ते व्हेरिएबल वाचण्याची, इतकेच नव्हे तर बदलण्याचीही, सर्वांस सरसकट मुभा होती. टिंबाची ही सोय टोनी होअर यांच्या रेकॉर्डविषयक चिंतनाची देणगी. रांगा आणि वाहतूक यांची संगणकावर प्रतिकृती उभारणाऱ्या त्या मंडळींना उलट हे सारे बाहेरून दिसावयासच हवे होते. त्याबद्दल त्यांना बोल लावणे अन्यायाचे होईल.

गोपनाची निकड तर्कशुद्ध रीतीने मांडली ती डेव्हिड पार्नास यांनी. एकच प्रोग्राम दोन रीतींनी विभागून, माहितीच्या मांडणीचे ज्ञान सर्व विभागांत वाटले गेले असता ती मांडणी बदलताच बहुतेक प्रत्येक विभागाची दुरुस्ती कशी ओढवते, हे त्यांनी १९७२ च्या निबंधात दाखविले. त्याच दशकात स्वीडनच्या याकोब पाल्मे यांच्या सूचनेवरून सिम्युलातही मज्जावाची तरतूद झाली. कॅलिफोर्नियात आकारास आलेल्या स्मॉलटॉक भाषेने तर बाहेरच्यास केवळ संदेश धाडण्याचाच अधिकार ठेवला.

बियार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी १९७९ पासून बेल लॅब्जमध्ये घडविलेल्या, पुढे सी प्लस प्लस म्हणून ख्यात झालेल्या भाषेत 'प्रायव्हेट'ची हद्द ऑब्जेक्टपाशी न आखता क्लासपाशी आखली. म्हणजे एकाच क्लासचे दोन ऑब्जेक्ट परस्परांच्या दप्तरात खुशाल डोकावू शकतात. हा बंदोबस्त अनवधानाविरुद्ध आहे, लबाडीविरुद्ध नव्हे, हे त्यांनी स्वच्छ बजावले होते. पुढे मार्क लिंटन यांच्या आग्रहावरून उपक्लासांसाठी 'प्रोटेक्टेड'ची सवलत आली, आणि गंमत अशी की सुमारे पाच वर्षांनी त्याच लिंटन यांनी आपल्या प्रकल्पात प्रोटेक्टेड व्हेरिएबलांस मनाई फर्माविली!

जावा भाषेच्या अमदानीत प्रत्येक खाजगी व्हेरिएबलामागे वाचणारी एक आणि बदलणारी एक अशा दोन मेथड डोळे मिटून लिहिण्याची जी रूढी बोकाळली, तीत मज्जावाचा देखावा तेवढा आहे. पार्नास यांना अभिप्रेत असलेले गोपन तीत नाही.