तेहेतीस पानांचे पत्र

स्वमग्नतेविषयीचे गैरसमज म्हटले की हल्ली लसीची गोष्ट निघते. तिच्याहून जुना आणि चिवट गैरसमज आहे तो आईविषयीचा. माझ्या मावशीने तो सोसला. ऐंशीच्या दशकात ती आपल्या मुलाच्या वागण्याची रोज नोंद करी: फिरत्या पंख्याकडे किती वेळ पाहिले, कोणता शब्द पुन्हा पुन्हा म्हटला. ती वही तिने डॉक्टरांपुढे ठेवली. ते म्हणाले, "बाई, लिहीत बसण्यापेक्षा नोकरी सोडा आणि पोराला जवळ घ्या."

या वाक्याचे मूळ शोधत मी अमेरिकेत जाऊन पोहोचलो. मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावच्या बीमन ट्रिपलेट या वकिलाने १९३८ साली आपल्या मुलाविषयी, डोनाल्डविषयी, तेहेतीस टंकलिखित पानांचे पत्र बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांना पाठवले. कॅनर यांचा १९४३ चा प्रसिद्ध निबंध अकरा मुलांवर आहे. त्यातला पहिला डोनाल्ड. ही स्थिती जन्मजात असावी, असे कॅनर यांनी त्यातच लिहिले होते. पण पालकांनी पाठवलेले तपशीलवार वृत्तांत हा पालकांच्याच अतिरेकी स्वभावाचा पुरावा, असेही त्याच निबंधात आहे. ज्या नोंदींवर निदान उभे राहिले, त्याच नोंदी आईबापांवर उलटल्या!

पुढे १९४९ मध्ये कॅनर यांनी या मुलांच्या घरांना न वितळणाऱ्या शीतकपाटाची उपमा दिली. शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी तर १९६७ च्या पुस्तकात या मुलांची स्थिती नाझी छळछावणीतल्या कैद्यांशी ताडून पाहिली. ते स्वतः डाखाउ आणि बुखेनवाल्डमध्ये कैदी होते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आले. पुराव्याचे वजन मात्र त्यामागे नव्हते.

उत्तर दिले ते एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन नौदलातले मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा स्वमग्न. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून दोष आईच्या मायेत नसून शरीरात, मेंदूत शोधायला हवा असे मांडले. प्रस्तावना खुद्द कॅनर यांची! १९६९ मध्ये पालकांच्या सभेत कॅनर यांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ साली फोलस्टीन आणि रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या. अकरा एकसारख्या जोड्यांपैकी चारमध्ये दोन्ही मुले स्वमग्न निघाली; दहा भिन्न जोड्यांत एकही नाही. नमुना लहान होता, पण आनुवंशिकतेकडे बोट दाखवायला पुरेसा.

म्हणजे मावशीला तो सल्ला मिळाला, तेव्हा कॅनर यांच्या जाहीर कबुलीला दहा वर्षे उलटून गेली होती. ती आमच्या गावापर्यंत आली नव्हती एवढेच.

डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी वारला.

मावशीची वही आता माझ्याकडे आहे. दवाखान्यातल्या त्या भेटीनंतरची पाने कोरी आहेत.