तत्कालीन वाद्ये आणि ध्वनिमुद्रण : मोझार्ट-बीथोव्हेन यांच्या व्हायोलिन सोनाटांच्या संदर्भात

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या इतिहासलेखनात स्वरलिपी हे प्रमुख साधन मानले जाते. तथापि ती स्वरलिपी ज्या वाद्यांसाठी लिहिली गेली, ती वाद्येही इतिहासाची साधनेच होत.

१७७८ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झालेल्या मोझार्टच्या सहा सोनाटा ‘व्हायोलिनच्या साथीसह कळफलक-वाद्यासाठी’ होत्या. बीथोव्हेनच्या १८०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॉइट्झर’ सोनाटाच्या शीर्षकातही पियानोचाच प्रथम उल्लेख आहे. व्हायोलिन प्रधान आणि पियानो साथीला, हा समज नंतरच्या काळातील होय. व्हिएन्नातील आंतोन वाल्टरच्या फोर्टेपियानोची चौकट लाकडी, हातोड्या चामड्याने मढविलेल्या व आवाका सुमारे पाच सप्तकांचा असे. त्याचा स्वर लवकर विरतो. त्यामुळे आतड्याच्या तारांचे व्हायोलिन त्याच्याशी सहज मिसळते. ओतीव लोखंडी चौकटीच्या आधुनिक पियानोपुढे मात्र हा तोल प्रयत्नपूर्वक सांभाळावा लागतो.

१९८० च्या दशकात सर्ज्यू लुका व माल्कम बिल्सन यांनी मोझार्टच्या, तर याप श्र्योडर व योस व्हान इमर्सेल यांनी बीथोव्हेनच्या सोनाटा तत्कालीन धाटणीच्या वाद्यांवर ध्वनिमुद्रित केल्या. परंतु ध्वनिमुद्रणात मायक्रोफोनचे अंतर बदलून दोन वाद्यांचे प्रमाण हवे तसे साधता येते. शिवाय पुष्कळदा वाद्ये मूळ नसून प्रतिकृती असतात. म्हणूनच असे ध्वनिमुद्रण हा भूतकाळाचा पुरावा नसून पुराव्यांवर आधारलेले अनुमान ठरते. इतिहासकाराच्या विधानाप्रमाणे तेही तपासले गेले पाहिजे. त्यातच त्याचे मोल आहे.