शवासन आणि रक्तदाब

परभणी जिल्ह्यांतील गंगाखेड तालुक्यांत रेणुकादेवीच्या देवस्थानामुळें परिचित असलेलें राणीसावरगांव आहे. अशा एखाद्या गांवच्या गृहस्थास आपला रक्तदाब वाढल्याचें कळलें म्हणजे त्यास दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, गोळी जन्माची. दुसरा म्हणतो, गोळ्या टाकून द्या आणि आसनें करा. दुसऱ्याचें म्हणणें ऐकावयास गोड व खर्चास हलकें, म्हणून लवकर पटतें. या प्रश्नाचा खरा प्रयोग महाराष्ट्रांतच झालेला आहे, आणि त्याची हकीकत वाचकांस ठाऊक असावी असें आम्हांस वाटतें.

जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. योगाचें माहात्म्य गाणारे पूर्वींही पुष्कळ होते; स्वामींचें वैशिष्ट्य हें कीं, आसनांचा परिणाम त्यांनीं यंत्रानें मोजावयास घेतला. दंडास पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची रीत रिव्हा-रोच्ची या इटालियन वैद्यानें १८९६ सालीं काढली आणि कोरोत्कोव्ह या रशियन शस्त्रवैद्यानें १९०५ सालीं तींत नळीनें आवाज ऐकण्याची भर घातली. त्यानंतर अवघ्या एकवीस वर्षांनीं, १९२६ सालीं, 'योगमीमांसा' या स्वामींच्या नियतकालिकांत सर्वांगासन व मत्स्यासन यांच्या वेळच्या रक्तदाबाचे प्रयोग छापून आले.

हीच वाट पुढें मुंबईस के. ई. एम. रुग्णालयाचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनीं धरली. देशमुख, दळवी व विनेकर या सहकाऱ्यांसह त्यांनीं १९६९ सालीं 'अँजिऑलॉजी' या वैद्यकीय मासिकांत शवासनावरील लेख प्रसिद्ध केला. कृति साधी होती. उताणें निजावें, डोळे मिटावे, पोटानें संथ श्वास घ्यावा. श्वास घेतल्यावर किंचित् थांबावें, सोडल्यावर त्याहून अधिक थांबावें. आंत जाणाऱ्या वाऱ्याचा गारवा व बाहेर येणाऱ्याची ऊब नाकपुडीशीं अनुभवीत राहावें. हें रोज अर्धा तास.

रोगी ४७ होते. औषध न घेणाऱ्या दहांचा सरासरी मध्यम दाब १३४ वरून १०७ वर उतरला. औषधानें दाब आटोक्यांत असलेले २२ होते. त्यांपैकीं १३ जणांचें औषध मूळच्या सुमारें एक-तृतीयांशावर आणतां आलें. औषध घेऊनही दाब न आवरणारे १५ होते. त्यांत असा लाभ सहांनाच झाला. हे आंकडे नीट वाचले पाहिजेत. औषध कमी झालें तें वैद्यानें वारंवार दाब मोजून कमी केलें. रोग्यानें आपल्या मनानें सोडलें नाहीं. शिवाय अनेकांस फारसा गुण आला नाहीं, हेंही त्याच लेखांत आहे.

या प्रयोगास तुलनेकरितां दुसरा गट नव्हता, ही त्याची मोठी उणीव होय. दवाखान्याची संवय झाली कीं भीति ओसरून कांहींचा दाब आपोआप उतरतो, तो भाग वेगळा काढतां येत नाहीं. ती उणीव डॉ. चंद्रा पटेल यांनीं १९७५ सालीं लंडनच्या 'लॅन्सेट' पत्रांत भरून काढली. दोन गट पाडून त्यांनीं तुलना केली, तेव्हां शिथिलीकरण शिकविलेल्या गटाचा दाब दुसऱ्यापेक्षां स्पष्टपणें अधिक उतरला होता.

'नैसर्गिक' या शब्दाचा मात्र आम्हांस थोडा धाक वाटतो. सर्पगंधेचें मूळ कांहीं कमी नैसर्गिक नाहीं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं ब्रिटिश वैद्यकीय पत्रांत तिचा रक्तदाबावरील गुण मांडला आणि जगाचें लक्ष वेधलें. पण तिच्यांतून काढलेल्या रिसर्पिनानें कित्येक रोग्यांस खोल औदासीन्य आलें.

मिठाचें प्रकरण याहून सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसास पांच ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचाही भरावयाचा नाहीं. भाकरीबरोबर ठेचा, लोणचें आणि पापड येणाऱ्या ताटांत तो चमचा केव्हांच ओलांडला जातो.

राहतो तो अर्धा तास. शेतीच्या घरांत कर्त्या पुरुषास तो दुपारच्या सावलींत मिळूं शकेल. पहांटेपासून चूल, पाणी आणि रान सांभाळणाऱ्या त्याच्या बायकोचाही दाब वाढलेला असतो; तिनें दार लोटून अर्धा तास निश्चल पडावें आणि कोणीं हांक मारूं नये, अशी सोय किती घरांत आहे?