मुंबईच्या विहिरी आणि हिवतापप्रतिबंध : नगरपालिकेच्या आरोग्यखात्याच्या इतिहासातील एक प्रकरण

मुंबई नगरपालिकेचे आरोग्यखाते १८६५ च्या कायद्याने अस्तित्वात आले, तेव्हा रोग घाणीतून व दुर्गंधीतून उद्भवतो ही समजूत शास्त्रसंमत होती. खात्याची सर्व घडण ह्या समजुतीवर झाली. हलालखोरांकरवी मैला उपसणे, गटारे धुणे, कचरा शहराबाहेर नेणे, दाट वस्तीच्या चाळींची तपासणी करणे ही त्याची नित्याची कामे होत. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड आणि त्यांच्या कारकीर्दीतील आरोग्याधिकारी डॉ. ह्यूलेट ह्यांनी ज्या हिरिरीने ही कामे केली तिची साक्ष तत्कालीन अहवालांच्या पानोपानी मिळते. खात्याचा शत्रू डोळ्यांना दिसणारा व नाकाला जाणवणारा होता. म्हणूनच पुढे पन्नास वर्षांच्या आत त्याच खात्यास स्वच्छ, गोड्या पाण्याच्या विहिरींविरुद्ध मोहीम उघडावी लागली, ही घटना विचारार्ह ठरते.

विहार तलावाचे पाणी १८६० च्या सुमारास नळाने शहरात येण्यापूर्वी मुंबईची तहान विहिरी आणि तळी भागवीत. १८५४ सालच्या टंचाईत बाहेरून पाणी आणण्याची पाळी आली होती, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या जुन्या साधनांची मर्यादाही कळते. विहारनंतर १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा ह्या योजना पुऱ्या झाल्या. तथापि नळ आला म्हणून विहीर नाहीशी झाली नाही. कोटातील व गिरगावातील अनेक घरांच्या चौकांत ती राहिलीच. नळाचे पाणी ठराविक वेळी येई, विहीर मात्र रात्रंदिवस घरातच होती. शिवाय पूजाअर्चेस नळाचे पाणी चालेल की नाही ह्याविषयी शंका होती. पारशी समाजाच्या दृष्टीने आकाशाखाली उघडे असलेले जिवंत पाणीच पवित्र. चर्चगेटजवळची भीखा बेहराम ह्यांची १७२५ साली खणलेली विहीर ह्या श्रद्धेचे आजही दिसणारे उदाहरण होय.

१८९७ मध्ये रोनाल्ड रॉस ह्यांनी सिकंदराबाद येथे हिवतापाचा जंतू डासाच्या शरीरात शोधून काढला. तेव्हापासून 'दूषित हवे'चा सिद्धान्त मोडकळीस आला. पण हिवताप पसरविणारे डास सारखे नाहीत, त्यांच्या जातींच्या सवयी भिन्न आहेत, ही गोष्ट कळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. १९०१ मध्ये डब्ल्यू. ग्लेन लिस्टन ह्यांनी वऱ्हाडातील एलिचपूरच्या (अचलपूरच्या) डासांवरून एक नवी जात वर्णिली. ती ॲनॉफिलीस स्टिफेन्सी ह्या नावाने प्रसिद्ध आहे. पुढे परळच्या प्रयोगशाळेत असताना लिस्टन ह्यांनी मुंबई बंदरातील हिवतापाचा शोध घेतला. त्या काळात अलेक्झांड्रा गोदीचे बांधकाम चालू होते, आणि तेथील मजुरांत व लगतच्या वस्तीत तापाचा जोर होता. १९०८ मध्ये लिस्टन ह्यांनी बोट ठेवले ते ह्याच जातीवर. त्यानंतर चार्ल्स बेंटली ह्यांनी सर्व शहराची पाहणी करून १९११ साली अहवाल सादर केला. हिवतापाचे मुख्य उगमस्थान घरोघरच्या विहिरी आहेत, हा त्याचा निष्कर्ष होता.

ह्या निष्कर्षातील अडचण निराळी होती. गटारात वाढणारे डास क्यूलेक्स जातीचे, ते हिवताप पसरवीत नाहीत. स्टिफेन्सीची अळी वाढते ती निवळ, सावलीतल्या पाण्यात. म्हणजे ज्या पाण्याकडे बोट दाखवून घरमालक 'आमची विहीर स्वच्छ आहे' असे म्हणे, ते स्वच्छ असल्यामुळेच संशयास्पद होते. मालकाचे म्हणणे अज्ञानमूलक म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होईल. आदली चाळीस वर्षे खुद्द आरोग्यखात्यानेच त्याला हा धडा शिकविला होता. नोटीस देण्याचा अधिकारही जुन्याच कल्पनेतून आलेला. १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यातील ३८१ वे कलम उपद्रवकारक डबकी, तळी, विहिरी इत्यादी बुजविण्यासंबंधी आहे, आणि ते कलम रचले गेले तेव्हा डासाचा हिवतापाशी असलेला संबंध कोणासही ठाऊक नव्हता.

खात्याच्या पूर्वचरित्राचीही येथे आठवण ठेवली पाहिजे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांना प्लेग आढळला. ऑक्टोबरात आयुक्त स्नो ह्यांनी रोग्यांना सक्तीने हलविण्याचा हुकूम काढला आणि महिना संपण्यापूर्वी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. घरात शिरणाऱ्या अधिकाऱ्याविषयीची भीती दहापंधरा वर्षांत विरून जाणे शक्य नव्हते. आरोग्याधिकारी डॉ. टर्नर ह्यांच्या खात्याला विहिरींचे काम करावयाचे होते ते अशा वातावरणात.

विरोध झाला तो मुख्यतः धर्माच्या नावाने. विहिरीत देव, पीर अथवा पूर्वजाचा वास आहे, ती झाकल्यास त्याचा कोप होईल, अशा हरकती हिंदू आणि पारशी दोन्ही समाजांतून आल्या. नगरपालिकेचे सचिव असलेले आणि पुढे आयुक्तपद भूषविलेले रुस्तम मसानी ह्यांनी ह्या समजुतींचा आस्थेने अभ्यास केला. १९१८ चा त्यांचा विहिरींच्या लोककथांवरील ग्रंथ त्याचेच फळ. लोकश्रद्धेवरील ग्रंथाला आरोग्यखात्याच्या नोटिसांची पार्श्वभूमी असावी, हा योगायोग क्वचितच आढळतो. पण हरकतींमागे केवळ श्रद्धा होती असे मानणे बरोबर नाही. विहीर बुजली की कुटुंबाचे सर्व जीवन नळाच्या वेळेवर आणि दाबावर अवलंबून राहणार, हा हिशेब व्यावहारिक होता. त्यातही मालक आणि भाडेकरू ह्यांच्या स्थितीत अंतर होते. नोटीस मालकाच्या नावे निघे, पाणी भरणारा मात्र बहुधा भाडेकरू असे.

तडजोड म्हणून विहिरीवर पक्के झाकण घालून त्यात तारेच्या जाळीची लहान दारे ठेवण्यास परवानगी देण्यात आली. त्यामुळे श्रद्धावंतांस पाणी दिसे, सूर्यप्रकाशही आत पोचे. शास्त्रीयदृष्ट्या हा उपाय कच्चा होता. जाळी गंजते, दार उघडे राहते, आणि अंड्यापासून डास बाहेर पडण्यास उष्ण हवेत दहाएक दिवस पुरतात. म्हणून झाकण बसविल्याने काम संपत नसे, ते पुन्हापुन्हा पाहावे लागे. आरोग्यसेवेचे स्वरूप त्यामुळे बदलले. पूर्वी सफाई हे घराबाहेरचे, रस्त्यावरचे काम होते. आता निरीक्षकाला घराच्या अंतर्भागात, आणि तेही वारंवार, जावे लागू लागले.

मोठी तळी बुजविण्याचे काम मानाने सोपे होते. धोबी तलाव, दो टाकी, सी. पी. टँक ही नावे आज केवळ वस्त्यांची व रस्त्यांची उरली आहेत. प्रत्येक तळे डासांमुळेच बुजविले गेले असे नव्हे; जागेची किंमत आणि वाढती वस्ती हीही कारणे त्यामागे होती, आणि ती कागदोपत्री आरोग्याच्या कारणाइतकी ठळकपणे मांडली जात नसत.

गॉर्डन कोव्हेल ह्यांनी १९२८ मध्ये मुंबईच्या हिवतापाची पुन्हा पाहणी केली, तेव्हा विहिरींबरोबर पाण्याच्या टाक्याही दोषी ठरल्या. नळाचे पाणी अपुरे व ठराविक वेळी येत असल्यामुळे लोक ते टाक्यांत साठवीत. विहिरीच्या जागी आणलेल्या व्यवस्थेनेच डासाला नवे घर दिले होते. १९९० नंतरच्या दशकात शहरात हिवताप वाढला, तेव्हा नव्या इमारतींच्या बांधकामावर साचणारे पाणीही ह्याच डासाचे आश्रयस्थान झाले होते. विहिरीत गप्पी मासे सोडणे, टाक्यांना घट्ट झाकणे लावणे ही कामे नगरपालिकेचा कीटकनाशक विभाग आजही करतो. एके काळी त्याच्या पूर्वसूरींना कठड्यावरून वाकून आत पाहावे लागे, आता त्यांच्या माणसाला शिडी लावून गच्चीवर चढावे लागते.