पंपाविना इंजिन, तुंबलेली नळी : मोटारीच्या वंगणाची शंभर वर्षे

१/ हेन्री फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ मोटारीचे उत्पादन १९०८ ते १९२७ या काळात झाले. दीड कोटींहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. या गाडीच्या इंजिनात ऑइल पंप नावाचा भागच नव्हता. #थ्रेड

२/ मग तेल फिरे कसे? इंजिनाच्या मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असे आणि वीजनिर्मितीसाठी त्यावर १६ लोहचुंबक बसवलेले असत. फिरताना हे चुंबक खालच्या तेलात बुडत आणि तेल वर उडवत. उडालेले थोडे तेल एका लहानशा नरसाळ्यात पडे, तिथून बारीक नळीने इंजिनाच्या पुढच्या टोकाला पोहोचे आणि तळातले खळगे भरत मागे परत येई. त्या खळग्यांत कनेक्टिंग रॉड बुचकळत आणि तेल सर्वत्र शिंपडत. सारा कारभार उताराच्या भरवशावर चाले.

३/ पातळी दाखवणारा काटा नव्हता. फ्लायव्हीलच्या आवरणाला खाली दोन तोट्या असत. मालकाने गाडीखाली शिरून त्या उघडून पाहायच्या. वरच्या तोटीतून तेल आले तर पुरेसे आहे. खालच्या तोटीतूनही आले नाही, तर गाडी हलवायची नाही. स्वस्त गाडीच्या किमतीचा हा भाग मालक कपड्यांवरच्या डागांनी भरत असे.

४/ दोन संकटे ठरलेली होती. लांब चढावर तेल मागे ओघळे आणि सर्वांत पुढचा रॉड कोरडा पडे. दुसरे संकट अधिक कपटी होते. मॉडेल टीच्या गिअरपेटीतील पट्ट्यांना सुती अस्तर असे आणि गिअरपेटी व इंजिन यांचे तेल एकच होते. अस्तर झिजे, त्याचे तंतू तेलात मिसळत आणि ती एकमेव बारीक नळी हळूहळू तुंबे. परिणाम तोच. पुढच्या रॉडच्या बेअरिंगमधला मऊ मिश्रधातू तापून वितळे, आणि मालकाला कळे ते ठोक्यांच्या आवाजावरून. बाहेरून जोडायच्या जादा तेलनळ्या बाजारात विकल्या जात, त्या याच भीतीपोटी.

५/ पंपाची कल्पना तोवर अज्ञात होती, असे मात्र नव्हे. बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉरकॉम कंपनीतील अल्बर्ट पेन यांनी १८९० मध्ये वेगवान वाफेच्या इंजिनांसाठी दाबाखाली तेल पुरवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते. दातेरी चाकांचा पंप तर त्याहून कितीतरी जुना. ग्रहांच्या कक्षा मांडणाऱ्या योहानेस केप्लर यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी असा पंप रचला होता, तोही खाणीतले पाणी उपसण्यासाठी!

६/ त्या पंपाचे तत्त्व आजही तेच आहे. एकमेकांत गुंतलेली दोन दातेरी चाके एका घट्ट पेटीत फिरतात. तेल त्यांच्या मधून जाते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते दात आणि पेटीची भिंत यांमधल्या खाचांत अडकून बाहेरच्या बाजूने वळसा घेते. म्हणून चाके आणि पेटी यांमधली फट वाढली, की तेल मागे निसटते आणि दाब घटतो.

७/ १९२७ च्या डिसेंबरात आलेल्या ‘मॉडेल ए’मध्ये फोर्डने अखेर पंप बसवला, पण अर्ध्या मनाने. पंप तेल वर झडपांच्या कक्षात चढवी. तिथून मुख्य बेअरिंगांपर्यंत ते पुन्हा उतारानेच येई आणि रॉड पूर्वीप्रमाणेच बुचकळत राहत. हा पंप खाली तेलाच्या चेंबरमध्ये असे आणि त्याला वर दाबून धरणारी स्प्रिंग चेंबरच्या तळावर टेकलेली असे. पंप बदलायचा तर आधी चेंबर उतरवणे भाग. मुख्य बेअरिंगांना आणि रॉडनाही दाबाने तेल देणारे फोर्डचे इंजिन १९३२ च्या व्ही-८ सोबत आले.

८/ पुढे पंपाची जागा बदलत गेली, तशी दुरुस्तीची रीतही बदलली. ब्यूकच्या १९६१ च्या ॲल्युमिनियम व्ही-८ इंजिनात पंप पुढच्या झाकणात, तेलाच्या पातळीच्या वर होता. झाकण खोलून चाके बदलता येत, चेंबरला हातही लावावा लागत नसे. पण कोरडी चाके तेल ओढू शकत नाहीत, त्यामुळे जोडण्यापूर्वी पंपात पेट्रोलियम जेली ठासून भरावी लागे. हे इंजिन पुढे ब्रिटनच्या रोव्हर कंपनीने घेतले आणि त्याबरोबर जेलीचा डबाही तिथल्या गॅरेजांत पोहोचला. ही पायरी गाळणाऱ्याचे नवे इंजिन पहिल्याच सुरुवातीला कोरडे फिरे.

९/ या साऱ्या इतिहासात एक गोष्ट ठळक दिसते. तेलात बुडालेला पंप सहसा स्वतःहून मरत नाही. त्याच्या आधीची जाळी तुंबते, किंवा त्याला फिरवणारा दुवा तुटतो. पंप बदलला आणि चेंबरच्या तळातला गाळ व जाळी तशीच ठेवली, तर नव्या पंपाच्या नशिबीही तेच येते.

१०/ आता शतकभर पुढे येऊ. फोर्डच्या एक लिटर, तीन सिलिंडरच्या ‘इकोबूस्ट’ इंजिनात ऑइल पंप फिरवण्यासाठी साखळीऐवजी तेलातच चालणारा रबरी पट्टा वापरला गेला. घर्षण कमी, आवाज कमी. मात्र पट्ट्याचे दात झिजून निघू शकतात, किंवा त्याला ताण देणारा भाग मोडू शकतो, असे आढळले. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत याच कारणासाठी सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत बोलावण्यात आल्या. त्यांत ‘फोकस’ होत्या आणि ‘इकोस्पोर्ट’ही. अमेरिकेत विकल्या गेलेल्या इकोस्पोर्ट चेन्नईजवळच्या कारखान्यात तयार होत.

११/ तेव्हा सुती तंतू होते, आता रबर आहे, कंपनी तीच. परिणाम मात्र अधिक गंभीर. मॉडेल टीचे बेअरिंग वितळले, तर मालकाला खालचे झाकण उघडून ते घरीच बदलता येई. इकोबूस्टचा तेलदाब गेला, तर धावते इंजिन बंद पडू शकते आणि ब्रेकला मिळणारे साहाय्यही जाऊ शकते. कंपनीने दिलेल्या उपायात पट्टा, ताण देणारा भाग आणि त्याचा बोल्ट बदलायचा होता.