ऑइलमध्ये पाणी आलं कुठून?

हिवाळ्यातल्या पहाटे तानसा नदीच्या काठी, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर वाफ तरंगत असते. ते पाणी उकळत नसतं, उकळण्याच्या बरंच अलीकडे असतं. तरी त्याची वाफ होते आणि गार दगडाला लागली की तिचे पुन्हा थेंब होतात. जुन्या मोटारीच्या इंजिनात हेच घडतं, फक्त ते टॅपेट कव्हरच्या आत, नजरेआड. ऑइलचं झाकण उघडल्यावर खाली ताकासारखा पांढरट फेस दिसला की ‘हेड पॅकिंग गेलं, हेड उतरवा’ हा निकाल गॅरेजमध्ये लगेच कानावर पडतो. माझं म्हणणं असं, की हा निकाल एका प्रकारच्या गाडीला चपखल बसणारा आहे. दुसऱ्या प्रकारच्या गाडीला तोच लावला तर धडधाकट इंजिन उघडलं जातं. गाडी कोणत्या प्रकारची, हे तिचं मॉडेल सांगत नाही. ते तिचा दिनक्रम सांगतो.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं हे इंजिन आपल्या विषयाचा पाठच आहे. त्याचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये गाडी एकदा जबर तापली की हेडला बाक येतो, पॅकिंग दबतं आणि पाणी ऑइलच्या वाटेला लागतं. मिस्त्रींचा संशय हवेतून आलेला नव्हता. पण पाण्याला इंजिनात शिरायला फट लागतेच असं नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं. थोडं पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. जितक्या रिंगा झिजलेल्या, तितकं ते अधिक. इंजिन तास-दीड तास तापत राहिलं तर हे पाणी ब्रीदरवाटे निघून जातं. घरापासून बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन गाडी थांबली, तर ते गार झाकणाखाली साचून ऑइलमध्ये घुसळलं जातं. कोकणपट्टीचा चार महिन्यांचा पावसाळा त्यात भरच घालतो.

आता याच गाडीचे दोन संसार पाहा. परवाना आणि प्रतीक्षायादीच्या काळात कुटुंबानं घेतलेली फियाट जपून वापरली जायची. असं इंजिन पुरतं तापण्याआधीच बंद होतं, आणि झाकणाखालचा फेस त्याच्या बाबतीत बहुधा निरुपद्रवी असतो. काळी-पिवळी टॅक्सी मात्र दिवसभर, पुष्कळदा दोन पाळ्यांत धावायची. तिचं ऑइल गार व्हायला उसंतच नव्हती. टॅक्सीच्या ऑइलमध्ये पाणी दिसलं तर ते खरोखर कुठून तरी गळतंय, असंच धरावं लागे. टॅक्सीच्या धंद्यात खरा ठरणारा हा नियम तिथल्या कारागिरांनी सगळ्याच गाड्यांना लावला असेल, तर नवल नाही. मुंबईच्या ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आज ज्या पद्मिनी उरल्यात त्या हौशी मालकांच्या आहेत, रविवारी थोडा वेळ सुरू होणाऱ्या. म्हणजे टॅक्सीचा नियम उरला आहे, टॅक्सी उरलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, संशय आहे तर हेड उतरवून खात्री का करू नये? कारण उतरवणं फुकट नसतं. दर वेळी हेड मशीनवर घासून सपाट केलं की धातूचा थर जातो, आणि जुने बोल्ट आखडलेले असले तर तुटतात. त्याआधी करण्यासारखं पुष्कळ आहे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चेंबरचा नट जरासा सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून मोकळं पाणी असेल तर ते आधी टपकतं. पट्टीवरच्या ऑइलचा थेंब तापल्या तव्यावर टाकावा. चटचट आवाज आला की पाणी आहे. पण ‘आहे’ एवढंच यातून कळतं, ‘कुठून’ ते नाही. त्यासाठी गार इंजिनाच्या रेडिएटरकडे जावं लागतं. पातळी दिवसेंदिवस उतरते का, पाण्यावर ऑइलचा तवंग आहे का, इंजिन चालू असताना बुडबुडे येत राहतात का, शेजारच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकदम कमी भरतं का. प्रयोगशाळेत ऑइल तपासून घ्या असंही सुचवलं जातं. कूलंट भरलेल्या गाडीत त्यातल्या रसायनांचा माग लागतो, हे मान्यच आहे. पण आपल्याकडच्या कित्येक जुन्या गाड्यांत वर्षानुवर्षं नळाचं पाणीच घातलं गेलं. तिथे नुसता पाण्याचा आकडा पाहून उगम ठरवणं अवघड. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: साधी वाफ म्हणून सोडून दिलं तर बेअरिंगं जातील. खरं आहे. म्हणूनच अशा गाडीचं ऑइल किलोमीटर न मोजता महिने मोजून बदललं पाहिजे.

पुराचं पाणी या सगळ्यापेक्षा वेगळं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा बुडालेल्या गाड्यांना ना वाफेचा प्रश्न होता ना पॅकिंगचा. पाणी एअर क्लीनरमधून आणि ब्रीदरमधून सरळ आत गेलेलं. तिथे स्टार्टर न मारणं हाच उपाय होता, कारण पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

रेडिएटरच्या सगळ्या खुणा स्वच्छ असतील, तर उरते ती शेवटची तपासणी. झाकण पुसून, ऑइल बदलून गाडी लांब न्यावी. मुंबईहून वज्रेश्वरी-अकलोलीचं सुमारे ७५ किलोमीटरचं अंतर याला पुरेसं आहे. कुंडापाशी पोहोचून इंजिन निवलं की झाकण पाहावं, परतल्यावर पुन्हा पाहावं, रेडिएटरची पातळी लिहून ठेवावी. पातळी जागच्या जागी आणि झाकण कोरडं, तर हेडला हात लावायचं कारण नाही. एवढं तापूनही फेस परत आला आणि पाणी उतरलं, तर मात्र पाना घ्यावा.